गोडाच्या तोतयाला वेशीबाहेर काढा!

मुरुडच्या पाणंदीतून चालू लागले की दोन्ही हातांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. चैत्र सरता सरता राजपुरीच्या वाटेवर ताडगोळ्यांच्या टोपल्या मांडल्या जातात. त्यांच्या पाठोपाठ फणसाडच्या रानातली करवंदे आणि जांभळे आदिवासी बायकांच्या डोक्यावरून बाजारात उतरतात. शहाळे तर बारा महिने कोयत्याच्या एका घावाची वाट पाहत उभे असते. आणि या गावातला शिकलासवरलेला, गाठीला चार पैसे असलेला, रक्तातल्या साखरेचा कागद पाहून हबकलेला गृहस्थ काय करतो? या सगळ्यांना पाठ दाखवतो, दुकानाचे काचेचे दार ढकलतो आणि ‘शुगर फ्री’ असे ठसठशीत छापलेला आइस्क्रीमचा डबा काखोटीला मारून घरी येतो. मग एक चमचा नव्हे, दोन नव्हे, अर्धा डबा एका बैठकीत फस्त! बायकोने हटकले तर उत्तर तयार असते: ‘अगं, साखर नाही ह्यात.’

याला कुणी आरोग्याची काळजी म्हणत असेल तर खुशाल म्हणो. आम्ही याला खादाडपणाचा परवाना म्हणतो. तो दुकानात विकत मिळतो, रसायनाच्या कारखान्यात छापला जातो, आणि त्यावर सही मात्र आपली आपणच करतो.

हा डबा एकदा उलटा करून त्याची पाठ वाचावी. पुढच्या बाजूला बदाम-पिस्त्यांचे चित्र असते, मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत खरे बिऱ्हाड असते. बऱ्याच डब्यांवर ‘आइस्क्रीम’ हा शब्दच सापडत नाही, ‘फ्रोझन डेझर्ट’ असा असतो; कारण आतला स्निग्धांश दुधाचा नसून वनस्पती तेलाचा आहे आणि कायदा त्याला आइस्क्रीम म्हणू देत नाही. खाली ९६५ हा आकडा दिसला तर तो माल्टिटॉल. हा साखर नव्हे हे खरे, पण त्यात साखरेच्या निम्म्याहून जरा जास्तच उष्मांक असतात आणि रक्तातली साखर तोही चढवतो, फक्त जरा सावकाश. ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम. माल्टिटॉलच्या कुळातली द्रव्ये भरपूर असली तर जुलाब होण्याचा इशाराही तिथेच कुठेतरी छापलेला असतो. ‘डायबेटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटाची पाठ वाचली तर पहिले नाव बहुधा मैद्याचे निघते. साखर काढली आणि मैदा ठेवला! मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते, एवढे आठवीच्या पोरालाही ठाऊक आहे. ते डबा घेणाऱ्या पदवीधराला ठाऊक नसावे काय?

या द्रव्यांचा जन्म कसा झाला हेही एकदा ऐकून ठेवा. १८७९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून निघालेल्या पदार्थांवर काम करत होता. हात न धुता तो जेवायला बसला, पाव गोड लागला, आणि सॅकरिन सापडले. १९३७ साली दुसऱ्या एकाच्या हातातली सिगारेट गोड लागली, सायक्लामेट सापडले. तीस-बत्तीस वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेने त्यावर बंदी घातली. १९६५ साली जेम्स श्लॅटर याने कागद उचलण्यासाठी बोट चाटले, अ‍ॅस्पार्टेम सापडले. आणि १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाला एक पदार्थ तपासायला सांगितला होता. त्याने ‘चाखायला’ असे ऐकले आणि चाखला! साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड असे सुक्रालोज त्या एका गैरसमजातून जगात आले. आडनाव ऐकून आपल्यातल्या कुणाची छाती फुगली असेल तर फुगू द्या. शोध मोठाच आहे. पण चारही वेळा हे गोड कुणाच्या भुकेसाठी शोधले गेलेले नाही. ते अपघाताने हाती लागले, मग त्याला गिऱ्हाईक शोधण्यात आले. ते गिऱ्हाईक आपण.

आता कुणी म्हणेल, संपादक महाशय, उगाच भिववू नका. मुळीच भिववत नाही. जे सिद्ध झालेले नाही ते झाले म्हणून ओरडणे हेही एक प्रकारचे भेसळीचेच काम आहे, आणि ते आम्ही करणार नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात बसवले, तेव्हा मोबाइलवर हलकल्लोळ झाला. पण त्याच वेळी अन्नातल्या द्रव्यांची तपासणी करणाऱ्या दुसऱ्या समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, हेही तितकेच खरे. म्हणजे चहात एक गोळी टाकणारे आजोबा उद्या दगावणार नाहीत. आमचा मुद्दा तो नाहीच. खरा मुद्दा त्याच वर्षी मे महिन्यात त्याच संघटनेने काढलेल्या सल्ल्यात आहे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ही साखरेतर गोडी वापरू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कारण दीर्घकाळात शरीरातली चरबी तिने कमी होते असा पुरावा मिळाला नाही. आधीच मधुमेह झालेल्यांसाठी तो सल्ला नव्हता, आणि तो सशर्त होता, हेही आम्ही लपवत नाही. पण ज्या बापड्यांना अजून काही झालेले नाही, जे केवळ ‘पोट कमी करायचे’ म्हणून हे डबे पोखरत आहेत, त्यांच्या पायाखालची जमीन त्या सल्ल्याने काढून घेतली. ज्या कामासाठी हे घेता ते काम हे करत नाही. मग घेता कशाला?

कोकणाला तोतये नवे नाहीत. पानिपतावर हरवलेल्या भाऊसाहेबांचे नाव घेऊन एक इसम उभा राहिला, तेव्हा कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्यामागे धावली. अखेर १७७६ साली कुलाब्याच्या राघोजी आंग्रे यांनी त्याला धरले आणि पुण्यास पाठवले. तिथे त्याचा शेवट झाला. लोक त्याच्यामागे का गेले? भाऊ परत यावेत असे त्यांना मनापासून वाटत होते म्हणून. इच्छा खरी होती, माणूस खोटा होता. आजही तेच आहे. गोड खावे ही इच्छा खरी आहे, त्यात पाप काही नाही. तिच्या पुढ्यात येऊन बसलेला पदार्थ तेवढा खोटा आहे.

आणि आमच्या दारात खरा माल पडलेला असताना हे चालावे, याचा संताप येतो. ताडगोळेवालीपुढे एकदा उकिडवे बसून पाहा. काळपट जांभळे फळ ती डाव्या हातात धरते, कोयत्याने डोके उडवते, आत दोन-तीन खणांत बसलेले गोळे अंगठ्याने अलगद उचकटून काढते. वरची पिवळसर तुरट साल नखाने सोलावी लागते. घाई केली तर गोळा फुटतो आणि आतले पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. ते पाणी गोड आहे खरे, पण हळू आवाजात गोड. जिभेला थोडे थांबावे लागते तेव्हा ते कळते. सहाशेपट गोडीची सवय झालेल्या जिभेला ते कळतच नाही; ती म्हणते, ‘ह्यात काय आहे? पाणी!’ हे जिभेचे आंधळेपण त्या डब्यांनी आणलेले नुकसान आहे, आणि ते रक्ताच्या कोणत्याही तपासणीत दिसत नाही. मुलाला लहानपणापासून डब्याची गोडी लावली की त्याला पिकलेले केळे फिके लागते, जांभूळ तुरट लागते, करवंद आंबट लागते. मग त्याचा बाप तक्रार करतो की पोरगा फळे खात नाही!

शिवाय या खऱ्या गोडाला मर्यादा होती, ती ऋतूने घातलेली होती. ताडगोळे फार तर दोन-अडीच महिने. जांभळे जेमतेम पाऊस पडेपर्यंत. पहिली जोरदार सर आली की त्यांत पाणी भरते आणि चव जाते. पातोळ्या हळदीची पाने हाती येतील तेव्हाच. नारळीभात नारळीपौर्णिमेला, उकडीचे मोदक चतुर्थीला, अनारशांचा थाट तर अधिक महिन्यात, म्हणजे सुमारे तीन वर्षांतून एकदा. (जावयाला एकदम तेहतीस देतात, हा भाग वेगळा, तीन वर्षांचा हिशेब सासूबाई एका ताटात चुकता करतात!) पंचांगच आमचे पथ्य सांभाळत होते. फ्रीझरमधल्या डब्याला चैत्र नाही, श्रावण नाही, चतुर्थी नाही. तो रोज आहे. जे रोज आहे ते कितीही ‘लाइट’ असले तरी शेवटी जड होणारच.

पण थांबा. एवढे वाचून ज्यांनी माना डोलावल्या, त्यांच्याकडेही आम्हाला वळायचे आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाची एक नवी भक्तमंडळी निघाली आहे. साखर विष, गूळ अमृत! साखरेचे लाडू पाप, खजुराचे लाडू पुण्य! मधुमेह आहे? मग गुळाचा मोदक चालतो! कोण सांगतो चालतो म्हणून? गूळ आणि साखर यांच्या उष्मांकांत नाव घेण्याजोगा फरक नाही, आणि रक्तात गेल्यावर त्यांची जात विचारली जात नाही. मध असो, काकवी असो, फळांचा गाळलेला रस असो, जागतिक आरोग्य संघटना या सर्वांना साखरेच्याच रांगेत उभे करते. ती रांग दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास पाच टक्क्यांच्या, असे तिचे २०१५ सालचे म्हणणे आहे. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. एका भरल्या मोदकात तीन-चार चमचे गूळ सहज असतो. म्हणजे दोन मोदक झाले की दिवस संपला. सकाळचा चहा तर यात धरलेलाच नाही. अख्खे फळ मात्र या हिशेबात येत नाही, कारण त्यातला चोथा साखरेला लगाम घालतो. म्हणून आंबा चोखावा, पेलाभर आमरस ओरपू नये.

आणि निसर्गाच्या प्रमाणपत्राची महती आम्हा मुरुडकरांना, श्रीवर्धनकरांना कुणी सांगू नये. आमच्या वाडीतली पोफळ नैसर्गिक नाही काय? तिला कुणी कारखान्यात बनवले? पण त्याच कर्करोग संस्थेने २००४ सालीच सुपारीला पहिल्या वर्गात, म्हणजे ‘माणसाला कर्करोग करते’ अशा निःसंशय वर्गात बसवले आहे. अ‍ॅस्पार्टेम बिचारे ‘कदाचित’च्या पायरीवर उभे आहे, आमची रोठा सुपारी त्याच्या दोन पायऱ्या वर जाऊन बसली आहे! त्यात भर म्हणजे बाजारातल्या गोड सुपारीत सॅकरिन घालायला कायद्याची मुभा आहे. आपल्याच वाडीतला माल पुड्यांत भरून, डांबराच्या वंशातली गोडी चढवून, शाळेच्या फाटकासमोर परत येतो आणि आपलीच पोरे तो चघळतात. नैसर्गिक आणि कृत्रिम यांचा असा संगम त्रिवेणीलाही झाला नसेल. सुपारीवर ज्यांची घरे चालतात त्यांना हे वाक्य झोंबेल. झोंबू द्या. पोफळीच्या जागी काय लावायचे, मिरी, जायफळ की केळी, याची चर्चा आज ना उद्या करावीच लागणार आहे, आणि ती कृषी विद्यापीठाने आमच्या वाड्यांत येऊन करावी.

तर मग खरा शत्रू कोण? साखर नव्हे, गूळ नव्हे, त्या डब्यातला ९५५ सुद्धा नव्हे. शत्रू आहे तो ‘अजून एक!’ हा शब्दप्रयोग. आमच्या पंगतीतला आग्रह! पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तर तो बाजूला सारून जिलेबी टाकणे याला आम्ही प्रेम म्हणतो. पैजा लावून श्रीखंड खाणाऱ्याच्या गोष्टी आम्ही चार पिढ्या अभिमानाने सांगतो. त्या पैजा जिंकणाऱ्यांची पन्नाशीनंतर काय गत झाली ते कुणी सांगत नाही. २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत असे सांगितले. सर्व राज्यांत वरचा क्रमांक लागला तो आमच्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के. त्या किनाऱ्याला आणि या किनाऱ्याला एकच समुद्र लागतो, तोच नारळ, तोच भात, तोच पाहुणचार. आणि अशा घरात मधुमेही पाहुणा आला की यजमान काय करतो? आग्रह सोडत नाही; ‘शुगर फ्री’ बर्फी आणतो, आणि तिचा आग्रह करतो! रोग तोच ठेवून त्याला नवे औषध आणण्याची ही तऱ्हा. ज्या समाजाला ‘नको’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारल्याबरोबर ऐकू येत नाही, त्याला जगातली कोणतीही रसायनशाळा वाचवू शकणार नाही.

हा लेख वाचून एखादे घरमालक ‘उद्यापासून डबे बंद, सगळे घरी करायचे’ अशी आज्ञा सोडतील आणि सुनेला खवणीवर बसवून स्वतः ओटीवर वर्तमानपत्र उघडतील, तर त्यांनी हा अंक पुन्हा कधी विकत घेऊ नये. जुन्या काळी गोड बेताचे होत असे, त्याचे एक कारण असे की ते करताना बाईचे हात भरून येत. खवणे, वाटणे, उकड मळणे, चुलीपुढे घामाघूम होणे, आणि शेवटी तिच्या वाटणीला फुटलेला मोदक. ती मर्यादा आम्हाला परत नको. शहाळ्यातली मलई, ताडगोळे, केळे, चिकू, फणसाचे गरे यांना चूल लागत नाही. कोयता लागतो, आणि तो पुरुषाच्या हातात शोभतो. फणस चिरण्याचे चिकट काम तर घरातल्या सर्वांत जाड माणसाला द्यावे. गरा तोंडात जाईपर्यंत त्याचा अर्धा व्यायाम होईल.

आता या वाड्यांकडे पाहू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पन्नास-साठ वर्षांचे माड मुळासकट उपटले गेले, पोफळी मधूनच मोडल्या. आमचा बाणवली नारळ लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षे घेतो. म्हणजे त्या वादळानंतर ज्यांनी उमेद न सोडता रोपे लावली, त्यांचे माड आता कुठे धरू लागायचे. आणि नेमक्या त्या वेळी त्यांच्याच गावचे लोक, त्यांच्याच घरी उतरलेले पर्यटक, नारळाकडे पाठ करून शेकडो कोसांवरून आलेल्या डब्यांत चमचे बुडवत आहेत! माडावर चढणारी माणसे मिळत नाहीत ही रड खरी आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढण्याचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, चढण्याचे यंत्र दिले; तसे वर्ग मुरुडात नियमित का भरत नाहीत, हा प्रश्न आमच्या लोकप्रतिनिधींनी कधी विचारला आहे काय? ताडाचेही तेच. नीरा हा कायद्याच्या जाळ्यात गुरफटलेला पदार्थ; दारूबंदीच्या कायद्याने ताडी आणि नीरा यांना एकाच संशयाने पाहिले आणि भंडारी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची कला कागदांत कुजली. पहाटे काढलेली थंड नीरा छोटा पेलाभर प्यावी. तिच्यात दहा-बारा टक्के साखर असते, तेव्हा तांब्याने ढोसणाऱ्यांनी आमचे नाव सांगू नये. पण जिचा परवाना मिळवताना टाचा झिजतात ती नीरा, आणि जो बिनदिक्कत शाळेसमोर विकला जातो तो सॅकरिन लावलेला पुडा, हा न्याय कोणत्या शहाण्याने ठरवला?

मागण्या मांडून आम्ही रजा घेतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले; रोजच्या खाऊपेयांत किती साखर आहे ते मुलांना भिंतीवर दिसावे म्हणून. मुरुड नगरपरिषदेने आणि जिल्हा परिषदेने आपल्या शाळांत ते लावावेत, आणि त्यात गोड सुपारीच्या पुड्यालाही एक ओळ द्यावी. गावातल्या डॉक्टरांनी ‘शुगर फ्री चालेल’ असे दोन शब्द बोलून रोग्याला वाटेला लावू नये. काय, किती आणि आठवड्यातून किती वेळा, या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी वाढप्यांना आधीच सांगून ठेवावे: पाहुण्याने एकदा नको म्हटले की भांडे पुढच्या पानावर.

आणि खानावळवाल्यांनो, घरगुती निवास चालवणाऱ्यांनो, तुम्ही पर्यटकाला जंजिरा दाखवता, पद्मदुर्ग दाखवता, काशीदची वाळू दाखवता, आणि जेवणानंतर त्याच्यापुढे काय ठेवता? कंपनीचा कप! मुंबईहून तो हेच खायला आला होता काय? तुमच्या फळ्यावर सोलकढीच्या खाली एक ओळ वाढवा: शहाळ्याची मलई, एक वाटी. दिवस असतील तर ताडगोळे, दोन. वाटी लहान ठेवा, भाव योग्य लावा, दुसरी मागितली तर हसून सांगा की उद्या या. ज्या खानावळी ही ओळ लिहितील त्यांची नावे आम्ही येत्या हंगामभर या पानावर छापू, एक पैसा जाहिरातीचा न घेता. नावे कळवा.